दुसरं पान

मंगळवारी आमच्या जपानमधल्या, उरायासुच्या इमारतीत रद्दी उचलतात. वर्तमानपत्रांचा गठ्ठा सुतळीने बांधून मी खाली निघाले होते, तेवढ्यात सरांच्या मुलीचा, हानाचा मेसेज आला. रोमन अक्षरांत, पण मराठीत. मावशी, बाबा आज सकाळी गेले... एवढंच. ही मुलगी लहानपणापासून माझ्याशी जपानीतच बोलत आलेली. मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, आमचं ते ठरूनच गेलं होतं. त्या दिवशी तिला मराठी लिहावंसं वाटलं, हे बघून मी गठ्ठ्यासकट जिन्यातच बसले. समोरच्या दारातल्या आजीबाई वाकून चौकशी करून गेल्या. त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. रद्दी काही खाली गेली नाही, गठ्ठा घेऊन मी परत वर आले. सर असते तर चिडवलं असतं, बघ, तुलाही कागद टाकवत नाही!

सर म्हणजे अनंत मोघे. योकोहामाच्या एका विद्यापीठात त्यांनी तीसेक वर्षं इतिहास शिकवला. केइकोसानशी लग्न करून इथलेच झाले, पण पोहे मात्र शेवटपर्यंत पुण्याहूनच यायचे. नवऱ्याच्या बँकेच्या नोकरीपायी मी जपानला आले तेव्हा दिवसभर घरात करायचं काय म्हणून जपानी शिकले. ते इतकं अंगवळणी पडलं की चार वर्षांनी भाषांतराची किरकोळ कामं मिळायला लागली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी सरांशी ओळख करून दिली. नाव, गाव काही नाही, त्यांचा पहिलाच प्रश्न, जुनं जपानी हस्ताक्षर वाचता येतं का? मी म्हटलं, येतं. येत होतं थोडंफार. पण अशा वेळी थोडंफार कोण म्हणतं?

ते तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहीत होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मला स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता समजावलं. त्या काळात तिकडची भली माणसं कारखान्यांतली लहान मुलं सोडवत होती, अन्नातल्या भेसळीविरुद्ध कायदे करत होती, लाचखोर पुढाऱ्यांना घरी बसवत होती. आणि त्याच वर्षांत त्यांचंच सैन्य फिलिपीन्समध्ये माणसं मारत होतं. अनेकदा दोन्हीला टाळ्या वाजवणारी माणसंही तीच. सर म्हणायचे, त्यांनी आपलं अंगण झाडलं, छान झाडलं, पण केर कुठे लोटला ते बघ. पुढे न्यूयॉर्कच्या बँका डळमळल्या, तिथल्या गिरण्यांनी जपानी रेशीम घेणं थांबवलं, आणि न्यूयॉर्कचं नावही न ऐकलेल्या नागानोच्या पोरींना रेशमाच्या गिरण्यांमधून घरी पाठवलं गेलं. हा केर असा समुद्र ओलांडून कुणाच्या दारात येऊन पडतो, ते त्यांना दाखवायचं होतं. बोलता बोलता कांदा करपायचा आणि केइकोसान मुकाट्याने खिडकी उघडायच्या.

अशाच एका पोरीचं पत्र त्यांच्या हाती लागलं. तिचं नाव कियो. तिच्या बहिणीचा नातू नागानोत राहत होता, त्याने घरात जपलेल्या दोन पानांची फोटोकॉपी सरांना दिली होती. ती त्यांनी माझ्याकडे आणली. पहिलं पान मी दोन दिवस घासून घासून वाचलं. गिरणी बंद झाली, अमेरिकेतून मागणी नाही म्हणतात, सगळ्याजणी रडताहेत, बाबा, आता कसं होणार... सर ऐकता ऐकता खुर्चीतून उठून उभे राहिले होते. दुसरं पान फिकट होतं आणि अक्षर अगदी मुंगीएवढं. मला चार दिवसांनी भारतात जायचं होतं, बॅगा उघड्या पडल्या होत्या, सासूबाईंचे रोज फोन. सरांना मी सांगून टाकलं, त्यात विशेष काही नाही, घरच्यांना नमस्कार वगैरे आहे. खरं सांगायचं तर मी ते पान वाचलंच नव्हतं.

पुस्तक पुण्यात छापून आलं. कियोवरचं प्रकरण सगळ्यांना आवडलं. तिची रडत, बर्फातून घरी परतणारी आकृती सरांनी अशी काही उभी केली होती की माझ्या आईने फोनवर वाचून दाखवताना दोनदा नाक ओढलं. सर मोठ्या हौसेने एक प्रत घेऊन नागानोला गेले, सगळं प्रकरण जपानीत नीट सांगता यावं म्हणून हानाला बरोबर नेलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि संकोचून विचारलं, पण कियोआजी परत कुठे आली होती? ती तर जन्मभर योकोहामात होती, नववर्षाला आम्हाला केक पाठवायची. दुसऱ्या पानावर तिने सगळं लिहिलंय की!

दुसऱ्याच दिवशी सर आमच्याकडे आले. बूट काढले, नीट जोडून ठेवले, ते पान टेबलावर ठेवलं. या वेळी त्या गृहस्थांनी ते स्वच्छ अक्षरात उतरवून दिलं होतं. योकोहामात एक अमेरिकन मिशनरी बाई काम सुटलेल्या मुलींसाठी शाळा चालवतात, असं कियोने लिहिलं होतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात काम करणार, शिवण आणि इंग्रजी शिकणार. मला न्यायला येऊ नका. आणि रडू नका, मी रडत नाही.

"हे वाचलं होतंस?" सरांनी विचारलं.

"नाही."

मी चहा ठेवला, निदान पाठ तरी फिरवता आली. आता बोलणी बसणार, बसायलाच हवी होती.

"तू वाचलं नाहीस," ते म्हणाले. "पण मीही पुन्हा विचारलं नाही. मला जे हवं होतं, ते पहिल्या पानात मिळालं होतं ना... ती पोर उठून चालायला लागली होती, वैशाली, आणि मी तिला केरातच बसवून ठेवलं."

चहा पिऊन ते गेले. जाताना नेहमीसारखं, येतो, म्हणाले.

त्यानंतर सरांनी जे आरंभलं त्याला केइकोसान सरळ वेड म्हणायच्या. त्यांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. कियो घरी परतली नाही, योकोहामात शिकली, पुढे तिथेच शिवण शिकवू लागली, आणि शेवटी, ही चूक लेखकाची आहे. भारतात गेले की दरवेळी एकेक ग्रंथालय गाठायचं, आपलं पुस्तक मागवायचं आणि त्या पानावर चिठ्ठी डकवायची. गोंद चालायचा नाही. दुकानातला गोंद कागद खातो, असं त्यांना पुस्तकं बांधणाऱ्या एका जपानी म्हाताऱ्याने सांगितलं होतं. मग घरीच मैद्याची खळ. केइकोसानचं दुधाचं पातेलं त्यापायी कायमचं खळीचं झालं. सोलापूरच्या एका ग्रंथपालांनी तर त्यांना पुस्तकाची नासधूस करणारा म्हणून धरून ठेवलं होतं. लेखक मीच आहे, हे पटवायला पासपोर्ट दाखवावा लागला. हा किस्सा सर अगदी रंगवून सांगायचे आणि मीही सगळ्यांबरोबर हसायचे.

हसायचे, पण मला माहीत होतं ना, चूक कुणाची ते. दरवेळी ठरवायचे, आता सगळ्यांना सांगून टाकू. तेव्हाच एका मोठ्या कंपनीचं काम मिळू लागलं होतं. भाषांतर करणारी बाई न वाचलेलं पान वाचलं म्हणून सांगते, हे एकदा पसरलं की संपलंच. एका दिवाळीला मंडळाच्या हॉलमध्ये कुणीतरी सरांना भर सभेत टोमणा मारला, की इतिहासकारांना दोन पानांचं पत्र धड वाचता येत नाही, तर अमेरिकेचं काय घेऊन बसलात? हॉल हसला. सरही हसले, म्हणाले, खरं आहे, मी हावरटासारखं पहिलंच पान खाल्लं. मी तिथेच होते, चिवड्याच्या प्लेटा वाटत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मुद्दाम बघितलं नाही. आणि मी पुढच्या रांगेला चिवडा वाटत गेले. माझी मला आजही शिसारी येते.

अकरा वर्षं मी स्वतःला समजावलं, की सरच म्हणाले ना, मी विचारलं नाही म्हणून. म्हणजे चूक त्यांचीही. मनाला असं गोंजारता येतं. शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. बोलताना दम लागत होता, तरी नागपूरचं राहिलं बघ, म्हणाले. मी म्हटलं, बरे व्हा, आपण दोघं जाऊ. ते हसले. तेव्हाही मी माफी मागितली नाही... आता कुणाकडे मागू?

इथल्या बौद्ध रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाल्यावर हानाने मला त्यांच्या खोलीत नेलं. कपाटात एक बिस्किटांचा डबा होता. त्यात उरलेल्या चिठ्ठ्या, ब्रश आणि चिठ्ठीचा पहिला खर्डा, सरांच्या हातचा. शेवटच्या ओळीत आधी लिहिलं होतं, ही चूक अनुवादकाची आहे. कागद फाटेल इतकं दाबून. मग त्यावर एक रेघ, आणि वर बारीक अक्षरात, लेखकाची. सरांना राग आला होता तर! मला वाटायचं, त्यांना तो येतच नाही. आला होता, चांगला सणकून आला होता, आणि तो त्यांनी तिथेच कागदावर गिळला होता. मी रडले ते त्या खोडलेल्या शब्दावर.

हाना माझ्या खांद्यावरून बघत होती. हे खोडलंय ते काय, तिने जपानीत विचारलं. तिला मराठी हस्ताक्षर वाचता येत नाही. मला आताही काहीही सांगता आलं असतं. विशेष काही नाही, म्हटलं असतं तरी तिला खरं वाटलं असतं. मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

"मग चूक कुणाची होती?" या वेळी तिने मराठीत विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

डिसेंबरात हाना अस्थी घेऊन भारतात जाणार आहे, मी बरोबर निघालेय. आधी नागपूर. पण काल माझ्या स्वतःच्या प्रतीपासून सुरुवात केली. अकरा वर्षांत तिच्यात चिठ्ठी लावायला सरांना मी पुस्तक कधी दिलंच नव्हतं, आणि त्यांनी मागितलं नव्हतं. केइकोसानचं ते पातेलं मागून आणलं, मैदा शिजवला, दोनदा गाठी झाल्या. तिसऱ्यांदा जमलं. चिठ्ठी डकवली आणि तिच्या खाली पेनाने लिहिलं, पत्राचं दुसरं पान मी न वाचताच वाचल्याचं सांगितलं होतं, आणि माझं नाव. खळ पूर्ण वाळेपर्यंत पुस्तक मिटायचं नाही, असं सर बजावायचे. ते अजून टेबलावर उघडंच ठेवलंय.