कुठल्याच पाढ्यात न येणारा माझा नंबर

माझी नात तळवड्याच्या कॉम्प्युटर कंपनीत आहे. एका रविवारी ती काहीतरी खुडबुड करत बसली होती. एकदम ओरडली, "आजी, तुझा मोबाईल नंबर मूळ संख्या आहे!"

मला वाटलं, रिचार्ज संपला.

"अगं, म्हणजे कुठल्याच पाढ्यात येत नाही. एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. दहा आकडी असून!"

मी चौथीपर्यंत शिकले, पण तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत. म्हटलं, बरं झालं. कष्ट न करता मिळालेली ही माझी पहिलीच गोष्ट.

संध्याकाळी रहाटणीतल्या आमच्या सोसायटीच्या बाकावर मी ते सांगितलं. सांगितलं कसलं, मिरवलं. नातीने कसोट्या शिकवल्या होत्या: शेवटी सम आकडा आला की बाद, पाच आला की बाद, आकड्यांची बेरीज तीनच्या पाढ्यात बसली की बाद. बायका फोन घेऊन पुढे आल्या. मी एकेकीला बाद करत गेले. माझी बेरीज सत्तेचाळीस, हेही दोनदा ऐकवलं.

समोरच्या घरातली लातूरची बाई रोज माझ्याकडे चहाला येते. तिचा मुलगा दुबईत असतो. मी म्हटलं, "बाई, तुमची तर बेरीजही नको. शेवटी पाच. पहिलीतलं पोरगं सांगंल."

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी चहाला आली नाही, तिसऱ्याही नाही.

मला फरक पडला नाही. फक्त हाताला दोघींचा चहा टाकायची सवय, तो बेसिनमध्ये ओतावा लागे. आणि सुनेच्या चुगल्या ऐकायला घरात सून सोडून कोणी नव्हतं.

आठवडाभराने ती दार ढकलून थेट स्वयंपाकघरात आली.

"अक्का, माझं लेकरू तिकडून फोन लावतंय तवा नंबराच्या पुढं एक्क्याण्णव लावतंय. तुमच्या पुढं लावा की. नऊ अन् एक धा. सत्तेचाळीसात धा किती?"

"सत्तावन्न."

"एकोणीस त्रिक?"

"सत्तावन्न," मी बोलून बसले. पाढे पाठ असण्याचा हा तोटा.

"गेला का न्हाई तीननं भाग? दुबईत तुमच्या नंबराला कुणी इचारत न्हाई!"

"आन् तुमच्या पुढं एक्क्याण्णव लावा, न्हाईतर अख्खं पंचांग लावा. शेवटी पाच ते पाचच."

"असू द्या. माझा हितं जसा, तसाच तिथं. तुमच्यावाणी विमानात बसलं की बिघडत न्हाई."

 दुबईला जायचा विचार तसाही नव्हता. आता तर पासपोर्टच काढणार नाही.

ती पाटावर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सून घरात हाय का?"

नव्हती. मी मोठं पातेलं घेतलं.