मारेगावच्या समुद्राला युरिया

“सलीमभाऊ, तुमचा समुद्र वास मारून राह्यला. लवकर या.”

वसंतरावांचा फोन सकाळी आला तेव्हा मी दुकानाचं शटर उचलत होतो. वणीत माझं फिश अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे. गोल्डफिश, गप्पी, आणि ज्यांना धंद्यात बरकत हवी त्यांच्यासाठी मोठ्या कपाळाचा फ्लॉवरहॉर्न. सगळं गोड्या पाण्याचं. खाऱ्या पाण्याची टाकी मी इथं एकच लावली होती, मारेगावला, वसंतरावांच्या हॉलमध्ये. ती बिघडली असती तर पुढची टाकी लावायला मला कोणी दारात उभं केलं नसतं. दुकान भाच्यावर सोपवलं आणि गाडीला किक मारली.

आधी ही टाकी मारेगावात आलीच कशी, ते सांगतो.

वसंतराव कपाशी, सोयाबीन, तुरीवाले शेतकरी. जमीन चांगली, बोलणं त्याहून चांगलं. त्यांची एकुलती मुलगी प्रणिता पुण्यात नोकरीला होती. तिथं तिनं मुलगा पसंत केला. मुलगा रत्नागिरीकडचा, घर समुद्राला लागून. पहिल्या भेटीत व्याही सहज म्हणाले, “आमच्याकडे खिडकी उघडली की समुद्र. तुमच्याकडे काय दिसतं?”

वसंतराव म्हणाले, “पऱ्हाटी.” म्हणजे कपाशीचं झाड.

सगळे हसले. वसंतरावही हसले. पण ती गोष्ट त्यांच्या मनात सलत राहिली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मारेगावलाच ठरलं. पाहुणे येतील तेव्हा हॉलमध्ये समुद्र दिसलाच पाहिजे, असं म्हणत ते माझ्या दुकानात आले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “गोड्या पाण्याची टाकी लवकर तयार होते. खाऱ्याला महिना, दीड महिना धरून चाला. मधे घाई चालत नाही.”

“मले कुठं घाई हाय?” वसंतराव म्हणाले. ज्याला घाई असते तो हे वाक्य हमखास बोलतो.

आता थोडं टाकीचं शास्त्र. मासा पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया माशाला विष. समुद्रात ही घाण खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट मासे बरंच सोसतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढेपर्यंत टाकी माशांशिवाय चालवायची, याला आम्ही सायकलिंग म्हणतो. ते लवकर वाढावेत म्हणून आत लाइव्ह रॉक टाकतात. म्हणजे भोकाभोकांचा दगड, ज्याच्या अंगात जिवाणू आधीच घर करून बसलेले असतात. समुद्रातला खरा प्रवाळ उचलणं गुन्हा आहे. मी मागवले ते घडवलेले दगड, किनाऱ्यावरच्या हौदात समुद्राच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवलेले. ओल्या कागदात गुंडाळून खोक्यातून आले.

मी ते टाकीत मांडले आणि मारेगावात गंमत सुरू झाली. वसंतरावांनी दगड विकत आणले, ही बातमी चौकात पोचली. लोक पाहायला येऊ लागले.

एक शेजारी बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता. मग म्हणाला, “वसंता, एवढे गोटे तं माह्या धुऱ्यावर फुकट पडले हाय. सांगतलं असतं तं ट्रॅक्टरनं टाकून देले असते.”

“जित्ता गोटा हाय तो,” वसंतराव म्हणाले.

“मंग याले चारा काय टाकता?”

वसंतरावांनी तोच प्रश्न मला विचारला. मी विचार केला, शेतकरी माणूस आहे, शेतीच्या भाषेत सांगावं. म्हणालो, “सोयाबीनच्या बियाण्याला तुम्ही पेरणीआधी जिवाणू कल्चर चोळता ना? तसंच हे. दगडातल्या जिवाणूंना अमोनिया लागतो. तो मिळाला की ते वाढतात.” त्यांना ते एकदम पटलं. माझ्या शिकवण्यावर मीही खूश झालो.

आणि आता हा फोन.

हॉलमध्ये शिरलो आणि नाकाला रुमाल लावला. गोठ्याच्या कोपऱ्यात येतो तसा उग्र वास. पाणी धुरकट झालं होतं. टेस्ट किट काढलं. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, थांबायचं. पिवळा रंग आला तर अमोनिया नाही, हिरवा आला तर आहे. मी थांबायच्या आधीच नळी गर्द हिरवी झाली. एवढा अमोनिया आपोआप होणं शक्य नव्हतं.

“वसंतराव, टाकीत काय टाकलं?”

“काई नाई बा.”

“उंदीर वगैरे पडला का?”

“झाकण हाय ना वरून.”

“मग कोणी काही तरी टाकलं असेल.”

“कोन टाकन? आमी हातच नाई लावत.”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि सहज म्हणाल्या, “काहून हो, तुमी परवा वाटी भरून मीठ नाई टाकलं का? मीच तं पाह्यलं.”

“कुठलं मीठ?” मी विचारलं.

“पांढरं पांढरं, दान्या-दान्याचं. मले वाटलं समुद्राले मीठ कमी पडलं. पन गोडाउनातून काहून आनलं, मीठ तं सयपाकघरात असते, असं मले वाटलं खरं.”

वसंतराव खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर पऱ्हाटी होती.

“युरिया?” मी विचारलं.

ते माझ्यावरच उलटले. “तुमीच तं म्हनलं, जिवानूले अमोनिया लागते. युरियातून काय निंगते? अमोनियाच ना? मंग? पिकाले डोस देला तं पीक उठते. साक्षगंध आलं रविवारवर, अन् तुमचे जिवानू सुस्त पडून हाय. म्हनलं जरा रेटा द्यावा.”

यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं, हाच त्रास होता.

“कपाशीला अख्ख्या हंगामाचा युरिया एकाच दिवशी टाकला तर?” मी विचारलं.

“जयते.” म्हणजे जळते.

“मग?”

“अबे हो बाप्पा,” म्हणत ते सोफ्यावर बसले. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज येत होता.

किट अमोनिया दाखवतं, युरिया दाखवत नाही. विघटन न झालेला युरिया पाण्यात किती शिल्लक आहे आणि त्याचा अजून किती अमोनिया होणार, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून जवळजवळ सगळं पाणी बदलायचं ठरवलं. आरओचं पाणी ड्रममध्ये भरून त्यात टाकीचं खास मीठ घोळवलं. ते एक दिवस फिरत ठेवलं. दगड टबात काढले. त्यातून मेलेले बारीक किडे गळत होते, ते पाहून मला खरंच वाईट वाटलं. दगडातले जिवाणू किती वाचले, तेही सांगता येत नव्हतं. खालची वाळू धुतली, नवं पाणी भरलं, दगड परत मांडले. सायकल पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून.

वसंतराव बादल्या उचलून देत होते. शेवटची बादली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, “रविवारी चार मासे तरी सोडता येईन का? पाहुने बसेपर्यंत टिकले तरी चालन.”

“आणि पाहुण्यांसमोरच उलटे तरंगले तर?”

“काई तरी करा ना भाऊ. व्याह्यापुढं रिकामी टाकी ठेवू का? मी फोनवर सांगून बसलो, आमच्याकडे बी समुद्र हाय म्हनून.”

त्यांचा चेहरा बघून मला ‘हो’ म्हणावंसं वाटलं. गिऱ्हाईक चांगलं होतं, माणूस त्याहून चांगला. पण मरणार हे ठाऊक असलेला मासा मी विकत नाही. मी नाही म्हणालो.

वहिनी दारात उभ्या होत्या. या वेळी त्या हसत नव्हत्या. “भाऊ, यायले व्याह्यायचं काई नाई. पोरगी एवढ्या दूर चालली. तिच्या तिकडचं काई तरी आपल्या डोयासमोर असावं, एवढंच हाय. पन हे तोंडानं सांगनार नाई.”

वसंतरावांनी रिकामी बादली उचलली आणि बाहेर घेऊन गेले.

रविवारी मला साक्षगंधाचं बोलावणं होतं. हॉलमध्ये गाद्या, भिंतीला फुलांच्या माळा, आणि मधोमध स्वच्छ पाण्यात नुसते दगड. मी भिंतीला टेकून उभा होतो. वसंतराव पाहुण्यांना टाकीपासून लांबच बसवत होते. टाकीवर चादर टाकायची त्यांची तयारी होती, पण वहिनींनी ती काढून नेली.

चहा झाला आणि व्याही उठले. थेट टाकीपाशी गेले, वाकले.

“मासे कुठे आहेत?”

“थे... थे थोडे मागाहून,” वसंतराव म्हणाले.

व्याह्यांनी उत्तर ऐकलंच नाही. ते काचेवर बोट ठेवून दगडाच्या एका भोकात बघत होते. “अरे! ही कुर्ली बघा!”

मीही धावलो. भोकातून एक नखाएवढा खेकडा बाहेर आला होता. किनाऱ्यावरच्या हौदातूनच तो दगडात बसून आला असणार. एवढ्या युरियातून तो कसा वाचला, मला आजही सांगता येत नाही. त्यानं एक नांगी वर केली आणि आमच्याकडे बघत बसला.

“आमच्या घरामागच्या कातळावर अशाच असतात,” व्याही म्हणाले. “लहानपणी आम्ही ह्यांच्यामागे पळायचो.” त्यांनी मुलाला हाक मारली, बायकोला हाक मारली. सगळं वऱ्हाड टाकीभोवती जमलं. मासे असते तर त्यांनी एकदा बघितलं असतं आणि जेवायला बसले असते. मासे त्यांनी रोज पाहिलेलेच.

“पण मासे सोडणार कधी?” व्याह्यांनी पुन्हा विचारलं.

वसंतरावांनी प्रणिताकडे पाहिलं. “पोरगी पयल्यांदा माहेरी येईन तवा. तिच्याच हातानं.” हे त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं, हे मला नक्की माहीत आहे. पण बोलले आणि त्यांचे डोळे भरून आले. प्रणिता उठून आत गेली.

टाकी पुढे रीतसर तयार झाली. अमोनिया पिवळ्यावर आला. मी म्हटलं, “वसंतराव, आता सोडू या मासे.” ते म्हणाले, नाही. लग्न झालं. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून टाकीला चिलर लावला आणि घरचे कूलरवर राहिले. टाकीत एकटा खेकडा. वसंतराव त्याला रोज हातानं चिमूटभर खाणं टाकायचे. टाकीजवळ जायच्या आधी वहिनी त्यांची मूठ उघडून बघायच्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रणिता आली. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी तिनं स्वतः सोडली. दोन्ही मासे आजही मजेत आहेत.

तरी वसंतरावांचा महिन्यातून दोनदा फोन येतो. “सलीमभाऊ, पानी चेक कराले या ना.” मी जातो. नळीत थेंब टाकतो. रंग पिवळाच येतो, तो त्यांनाही माहीत असतो. मग ते चहा मागवतात आणि प्रणिता फोनवर काय म्हणाली ते सांगत बसतात. मी ऐकतो.

नव्या गिऱ्हाइकाला मी आता पहिला प्रश्न विचारतो, “घरी शेती हाय का?” असली तर शेतीचं उदाहरण देत नाही. दुसरी गोष्ट मी कोणाला सांगत नाही, पण शिकलो मारेगावातच. टाकी महिना-दीड महिन्यात मुरते. बापाला मुरायला जास्त वेळ लागतो, आणि त्याला कुठलाच डोस चालत नाही.