पेणची मोबाईलवाली

पेणच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारी एक बाई आहे. कासूहून रोज येते. मी नेहमी तिच्याकडेच जाते, पण नाव कधी विचारलं नाही. फोन घेतला की पदराने काच पुसते आणि मग विचारते, "काय दुखतंय याचं?"

एकदा माझा फोन सारखा तापायला लागला. तिने तो सेफ मोडमध्ये चालू केला. "आता फोनबरोबर आलेलं तेवढंच चालणार. मागून टाकलेलं सगळं गप." थोड्या वेळाने फोन गार झाला. मग ती एकेक अ‍ॅप तपासत गेली आणि एकावर थांबली.

"हे तू टाकलंस काय गो?"

"नाही. काय आहे ते?"

तिने आवाज खाली आणला. "तू कुठं जातेस, कोणाशी बोलतेस, ते दुसऱ्याला दिसतं यात."

माझा फोन फक्त नवऱ्याच्या हाती जायचा. मी स्टूल ओढून बसले. तिने कोणाचं नाव विचारलं नाही.

"काढू की ठेवू? तू सांगशील तसं."

"काढा."

काढून झाल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आता नवा पासवर्ड टाक. मी बघत नाय."

घरात कोणालाही सुचणार नाही असा आकडा मी टाकला. दोनदा चुकले, पुन्हा टाकला. तिने मान वळवली नाही.