मानूस वर हाय

आमच्या कारखान्यात उंचावर काम करायच्या लिफ्टचं ट्रेनिंग द्यायला एक मास्तर येतात. त्यांनी पास केलं तरच लिफ्ट चालवायचं कार्ड मिळतं. जनावरांच्या बाजाराचं घोडेगाव हे त्यांचं गाव, म्हणून सेफ्टी बेल्टच्या दोरीला ते दावंच म्हणतात. "दावं बांधलं का?" असं विचारतात, आणि हो म्हटलं तरी स्वतः ओढून बघतात. एकदा आमचा वेल्डर चिडला, "मास्तर, आमी काय बैल हाय का?"

"बैल पळू नये म्हनून त्याला बांधत्यात. तू सांजच्याला घरी जावास म्हनून तुला."

लिफ्ट वर अडकली तर खालून उतरवायची बटणं असतात. कुणी वर असलं की मास्तर त्या बटणांपाशीच उभे. चहा आला तरी हात लावत नाहीत. "मानूस वर हाय," म्हणतात. मग साय धरलेला गार चहा चवीनं पितात. आम्ही मागं फार हसायचो.

परवा नवी लिफ्ट तपासायला मास्तर स्वतः वर गेले. बटणांपाशी वेल्डर उभा होता. चहा आला, तेव्हा वरची नजर न काढता तो म्हणाला, "ठेव तिथं. मास्तर वर हायेत."

त्या दिवशी गार चहा आम्ही सगळेच प्यायलो.