सेन्सर चुकीच्या बाजूला होता

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या.

दामू मिस्त्रीला जाऊन आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं, पण दामू गोड माणूस नव्हता. तो राग जपणारा होता. त्याने ज्यांच्यावर राग धरला, त्यांत एके काळी मीही होतो.

उरणच्या कोळीवाड्यात होड्यांच्या इंजिनांवर शिकलेला दामू पनवेलमधल्या एका मोठ्या गॅरेजात कामाला होता. मालकाचं नाव लिहीत नाही, सगळे त्याला शेठच म्हणतात. माझ्या जुन्या गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला आणि तसा पंप कुठे मिळेना, म्हणून शेठनी विजेवर चालणारा बाहेरचा पंप बसवायचं ठरवलं. गाडीत थर्मोस्टॅट नावाची झडप असते, ती इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरते. नव्या पंपाला पाणी किती तापलंय ते एक सेन्सर सांगतो, आणि त्यावर पंप कमीजास्त फिरतो. शेठ म्हणाले, सेन्सर रेडिएटरच्या पाइपात लाव, तिथे हात सहज जातो. दामू म्हणाला, तो झडपेच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला हवा. पलीकडे लावला तर त्याला थंड पाणीच लागेल, पंप हलणार नाही, आणि झडपेला दोन बारीक भोकं पाडल्याशिवाय पाणीही फिरणार नाही. शेठ हसले. "इथं होड्या नाही चालवत आपण," म्हणाले. दामूने शेठच्या म्हणण्याप्रमाणे बसवून दिलं. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

आठवडाभराने मी आईला घेऊन उरणला निघालो होतो. मावशीचं शेवटचं चाललं होतं आणि ती सारखी आईचं नाव घेत होती. जासईजवळ कंटेनरांच्या रांगेत गाडी उकळली, बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन जाम झालं. आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा मावशीला खाली घेतलं होतं... आई तिच्या पायाशी बसली आणि मला एकदाच म्हणाली, "थोडक्यासाठी रे."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो. शेठनी सरळ दामूकडे बोट दाखवलं. भर गॅरेजात, सगळ्यांसमोर, मी दामूला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तो हातातलं फडकं पिळत उभा होता. "सायेब, मी सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाला. मला ती सबब वाटली. शेठनी त्याला त्याच दिवशी काढलं आणि पनवेलभर त्याचं नाव असं खराब केलं की कुठल्याच गॅरेजात त्याला कोणी उभं करेना. शेवटी त्याने रोडपालीत एका गाळ्यात स्वतःचं काम सुरू केलं.

चार वर्षांनी एका दुपारी शेठचा फोन आला. "तुमच्या गाडीत दामूची चूक नव्हती. सेन्सर तिथं लावायला मीच सांगितलं होतं." मला काही कळेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "मोठ्यानं, शेठ. सगल्यांना आयकू जाऊ द्या." आणि शेठ तेच वाक्य ओरडून पुन्हा बोलले.

झालं होतं असं, की शेठच्या जावयाच्या गाडीत त्यांच्याच माणसांनी तसाच पंप तसाच बसवला होता. तिसऱ्यांदा उकळली तरी त्यांच्यात कोणाला दोष सापडेना, तेव्हा ती टो करून दामूकडे आणावी लागली. दामूने दोष पाच मिनिटांत ओळखला, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "आदी फोन."

मी दुसऱ्या दिवशी रोडपालीला गेलो. हात जोडले. त्याने स्टूल पुढे सरकवलं, पण चहा काही सांगितला नाही. तो त्याने सहा महिन्यांनी सांगितला. पुढे आमची इतकी मैत्री झाली की रविवारी मी तिथेच असायचो. एकदा विचारलं, "शेठना माफ केलंस?"

"नाय. गाडीचं काम केलं, त्यांचं नाय."

त्याच्या तेराव्याच्या सकाळी गाळ्यासमोर फ्लेक्स लागला. 'आमचा लाडका शिष्य हरपला.' कोपऱ्यात दामूचा पासपोर्टएवढा फोटो आणि मधोमध हात जोडलेले शेठ, पुरुषभर उंचीचे. मंदावहिनींनी तो वरपासून खालपर्यंत बघितला. मग आत जाऊन कटर घेऊन आल्या.

"भाऊजी, चढा."

मी बासष्ट वर्षांचा माणूस शिडीवर चढलो आणि दोऱ्या कापल्या. खाली रस्त्यावर माणसं जमली होती, त्यांत शेठचा ड्रायव्हरही होता. वहिनींनी त्याच्या देखत दामूचा फोटो तेवढा कापून पदरात घेतला आणि उरलेला फ्लेक्स आत ओढत नेला.

रोडपालीचा गाळा आता दामूचे जोडीदार सलीमभाई चालवतात. परवा गेलो तेव्हा एका गाडीचं ऑइल बदलणं चाललं होतं. फरशी खराब होऊ नये म्हणून तो फ्लेक्स गाडीखाली अंथरला होता, चेहरा वर. काळं ऑइल थेंब थेंब शेठच्या जोडलेल्या हातांवर पडत होतं. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि फ्लेक्स पायाने जरासा पुढे सारला... पुढचा थेंब बरोबर कपाळावर पडला.