आयोडीनची बाटली आणि दही

लेकीच्या पोटाला गहू चालत नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि दिसायला तीन वर्षांची. गव्हात ग्लूटेन नावाचं काहीतरी असतं, ते कणभर पोटात गेलं तरी तिचं आतडं बिघडतं, एवढं माझ्या डोक्यात शिरलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय हाय? आपून रोज तांदळाचीच भाकरी खातो ना!" रोह्यात राहून गहू टाळणं काही कठीण नाही, असं मलाही वाटलं. चपाती, पाव, बिस्किटं बंद केली. दोन महिन्यांत पोरीचे गाल जरा भरले.

मधूनमधून थोडं दुखेल, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. पण दुखायला लागलं की ते थोडं राहत नसे. दोन-तीन दिवस जुलाब, वजन पुन्हा खाली. माझा जीव थाऱ्यावर राहीना. पोरगी काय काय खाते ते मी कॅलेंडरच्या मागे लिहायला लागले, आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की ताक प्यायली की तिचं बिघडतं. म्हणजे दही! दही घट्ट दिसावं म्हणून दुकानदार त्यात मैदा घालतात, असं शेजारीण कधीतरी बोलली होती. ते मला लख्ख आठवलं.

मी विरजण घरीच लावत होते, पण विरजणाचं दही डेअरीतलं होतं. त्यामुळे घरचं दहीही मला बाटलेलं वाटायला लागलं. नवरा धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये होता. त्याने टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणून दिली. "पीठ असेल तर निळं होतं," म्हणाला. त्याला वाटलं, मी एकदा बघेन आणि गप्प बसेन. मला ओळखायला त्याला बरीच वर्षं लागली.

मी बाटली पिशवीत घालून फिरायला लागले. डेअरीवाल्यासमोर वाटीत दही घेतलं, वर थेंब टाकले. पिवळंच राहिलं. "पटलं का वहिनी?" त्याने विचारलं. नाही पटलं. मग पॅसेंजर पकडून कासूला गेले. तिथे एक बाई म्हशी पाळायची, तिच्या दह्याचं नाव होतं. मी तिला माझ्यासमोर धार काढायला लावली आणि त्या दुधावरही थेंब टाकले. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "म्हशीच्या पोटात काय गिरण हाय काय गो?" दुधाच्या किटलीबरोबर तिने वाटीभर विरजण दिलं, पण जाताना 'ये परत' म्हणाली नाही.

त्या विरजणाचं दही असं लागलं की सुरीने कापावं. चारच दिवसांत पोरीचं पोट जरासं दुखलं, मी ताक दिलं, आणि पुन्हा तेच.

मग पेण. पेणच्या एका वाण्याकडे फ्रीजमध्ये डब्यातलं पॅकबंद दही यायला लागल्याचं कळलं होतं. तिथेही मी डबा विकत घेऊन काउंटरवरच उघडला आणि बाटली काढली. माझ्या मागे चार गिऱ्हाइकं उभी. दही पिवळंच. वाणी वैतागला, "ताई, दह्याच्या मागे का हात धुऊन लागलाय? घरात त्याच्यात काय काय घालता, त्याच्यावर टाका की थेंब!" मला इतका राग आला की उरलेलं दही तिथेच सोडून मी स्टेशनवर आले. गाडी निडीला थांबली तरी मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच होते.

घरी आले, तर पोरगी पोट धरून बसलेली. सासूबाईंनी सवयीने ताक घुसळून ठेवलं होतं. मी आमचं ठरलेलं औषध करायला हिंगाची डबी उघडली: पोट दुखलं की ताकात चांगला दोन चिमटी हिंग. माझ्या आईने मला दिलं, तिच्या आईने तिला. आमच्या आमटीला लसणीची फोडणी, त्यामुळे घरात हिंग आणायचा तो फक्त पोटदुखीसाठी. वाण्यावरचा राग डोक्यात होताच. म्हटलं, घे, टाकते! मिठावर टाकलं, जिऱ्यावर टाकलं. मग हिंगावर.

हिंग निळा झाला. निळा कसला, शाईसारखा काळा.

मी डबी उजेडात धरली. बारीक अक्षरात घटक लिहिले होते. पहिलाच शब्द मैदा. हिंग तिसरा.

नवऱ्याला सांगितलं, तर तो "काखेत कळसा..." एवढं म्हणाला आणि माझं तोंड बघून त्याने पुढचं गिळलं. मला हसू आलं नाही. थोडं दुखलं की मी हिंग देत होते, त्याने जास्त दुखलं की जास्त देत होते. आणि ती पोर पहिल्यापासून सांगत होती, "आई, ताक नको, त्याने दुखतं." मी तिचं नाक दाबून पाजलं होतं. औषध असं नको म्हणायचं नसतं, असंही वर ऐकवलं होतं.

कासूच्या बाईकडे मी पुढच्याच आठवड्यात गेले आणि चुकले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "व्हय गो, पोरीसाठी आई येडीच व्हते," आणि विरजण दिलं. तिच्याकडून सुटले.

लेकीला त्या संध्याकाळी मी नुसतं दही दिलं, वर साखर. तिने वाटी हातात घेतली, नाकाशी नेली, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"नाही घातला," मी म्हटलं.

तिने पुन्हा एकदा वास घेतला आणि मग खाल्लं. आता ती मोठी झाली, स्वतःचं घर आहे, तब्येत उत्तम आहे. माझ्याकडे आली की मी दही वाढते. अजून ती आधी वास घेते.