सिहोरा काही केल्या होईना

भंडाऱ्यात बसून सगळ्या शाखांत नवीन सॉफ्टवेअर टाकायचं, हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, त्यात काय मोठंसं! आमची छोटी पतसंस्था. मुख्य कचेरीत मी एकटीच ‘कॉम्प्युटरवाली मॅडम’. इथून बटण दाबायचं आणि तिकडे शाखेतल्या कॉम्प्युटरवर ते आपोआप उतरायचं. लाखनीला उतरलं. साकोलीला अडखळलं, पण तिथं नुसती जागा कमी पडत होती. कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ पुसले आणि काम झालं. सिहोरा मात्र काही केल्या होईना. दर वेळी लाल अक्षरांत एकच उत्तर यायचं : परवानगी नाही.

आमच्या सचिवसाहेबांचं काम म्हणजे एक घाव दोन तुकडे. त्यांनी सांगून टाकलं, “शनिवारी दुपारपर्यंत जी शाखा नव्या सिस्टिमवर येणार नाही, ती सोमवारपासून तुमसरच्या शाखेत विलीन.” त्यांचं तरी काय चुकलं? पण सिहोऱ्याच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईंचं घर मला फोनवरून ठाऊक झालं होतं. सासरे लकव्यानं अंथरुणाला खिळलेले, नवरा नागपूरला कामाला. शाखेच्या मागच्याच गल्लीत घर, म्हणून दुपारच्या सुट्टीत त्या धावत जायच्या, सासऱ्यांना भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि परत यायच्या.

“त्यायले दुसऱ्याच्या हातचं जातच नाई, मॅडम,” त्या म्हणाल्या होत्या. “तुमसरले गेली त दुपारी कशी येऊ मी?”

शनिवारी सकाळपासून मी सिहोऱ्याच्या मागे हात धुऊन लागले. दुरून स्क्रीन बघायची सोय होती, त्यामुळे ताईंचा कॉम्प्युटर मला इथं दिसत होता. पासवर्ड बदलला. अँटिव्हायरस बंद केला. जुनं सॉफ्टवेअर उपटून काढलं. ताईंना वायर काढून परत लावायला सांगितली. पुन्हा तेच लाल. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावरच असतो.

“ताई, मधेच कशाला हात लावता का तुम्ही?”

“नाई जी. मी त हात मांडीवर ठेवून बसून राह्यली.”

म्हटलं, “बरं, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. बरोबर दीडला परत पाठवते.”

“दीड त होऊन गेला न, मॅडम!”

मी मोबाइल पाहिला. दीडला अजून अवकाश होता. मग ताईंच्या स्क्रीनचा कोपरा पाहिला. तो कोपरा सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरच होता. तिथं पावणेदोन वाजत आले होते.

“ताई, तुमचं घड्याळ पुढे आहे!”

“हाव जी, पुढंच ठेवतो आमी. कॅशियरभाऊची संध्याकाळची बस एक डाव चुकली होती, तवापासून भिंतीवरचं पुढं केलं. मंग कॉम्प्युटरचंबी त्याच्याशी जुळवलं. दोन घड्याळायचे दोन टाइम कायले?”

मी कपाळावर हात मारून घेतला. जुन्या सॉफ्टवेअरला वेळेचं काही सोयरसुतक नव्हतं. नव्या सिस्टिममध्ये मात्र आमचा मुख्य कॉम्प्युटर शाखेची वेळ स्वतःच्या वेळेशी ताडून बघतो, आणि फार फरक दिसला की समोरच्याला तोतया समजून दार लावून घेतो. का लावलं ते सांगत नाही. माझ्या माहेरी स्वयंपाकघरातलं घड्याळ जन्मभर दहा मिनिटं पुढेच चाललंय. या जिल्ह्यात बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ शोधावं लागेल, आणि मी बसले होते अँटिव्हायरसला शिव्या घालत!

“पण मागं केलं त कॅशियरभाऊ बोंबलतील जी,” ताई म्हणाल्या.

“भिंतीवरचं राहू द्या तसंच. कॉम्प्युटरचं मी इथून मागे घेते.”

मागे घेतलं आणि बटण दाबलं. या वेळी लाल अक्षरं आली नाहीत. हिरवी पट्टी रखडत रखडत पुढे सरकली आणि एकदाची पूर्ण झाली. मी उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. सचिवसाहेबांना फोन केला. “झालं ना? मग राहू द्या ती शाखा,” एवढंच ते म्हणाले. छातीवरचा धोंडा उतरला.

ताईंना सांगितलं, “शाखा कुठं जात नाही आता.” त्यांनी हळूच विचारलं,

“मंग मी घरी जाऊ जी? बाबा उपाशी हायेत.”

त्यांची जेवणाची सुट्टी माझ्या खटाटोपातच संपत आली होती आणि त्या तोंडातून शब्द न काढता बसून होत्या. मी “जा, जा” म्हणेपर्यंत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चपलांचा. फोन बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. सिहोऱ्याच्या पंख्याची घरघर ऐकत मी बसले आणि बरं वाटूनच मला रडू आलं. काउंटर सोडताना कॉम्प्युटर लॉक करायचाच, हा नियम माझा, आणि तो मोडणाऱ्याला मी आजवर कधी सोडलेलं नाही. त्या दुपारी ताईंचा कॉम्प्युटर मी भंडाऱ्याहून लॉक केला आणि कुणाला काही बोलले नाही.